‘ती रागावली नाहीये, रुसलीये’

अंगणवाडीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भावनांच्या तक्त्यावर गाल फुगवून कोपऱ्यात बसलेल्या मुलीच्या चित्राखाली ‘राग’ असं छापलंय. वर्गातली चार वर्षांची मुलगी म्हणाली, ‘‘ती रागावली नाहीये, रुसलीये.’’ रुसणं म्हणजे रागच ना? तिला काय सांगू?

ताई, त्या मुलीचं बरोबर आहे. तक्ता बदला.

मुळाशी गेलं तर दोन्ही एकच वाटतील. संस्कृत ‘रुष्’ म्हणजे रागावणं. त्यातून प्राकृतातलं ‘रूसइ’ आणि आपलं ‘रुसणं’. ‘रोष’ही त्याच धातूचा. पण मराठीत या दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. सरकारवर रोष असतो, रुसवा नसतो. अनोळखी माणसावर चिडता येतं, रुसता येत नाही. रुसायला आपलं माणूस लागतं, आणि ते येऊन समजूत काढील ही खात्रीही लागते. ‘काढणे’ हे क्रियापद दोन्हींना कसं लागतं बघा: राग दुसऱ्यावर काढतात, रुसवा दुसऱ्याचा काढतात. म्हणून रुसलेल्या मुलाला ‘शांत हो बघू’ म्हणून भागत नाही. कुणीतरी जवळ जाऊन बसावं लागतं.

‘हिरमुसणं’ आणखी वेगळं. ‘आईवर रुसली’ म्हणतो, ‘आईवर हिरमुसली’ कुणी म्हणत नाही. त्याला ‘कुणावर’ नसतं, ‘कशाने’ असतं: खेळायला घेतलं नाही, चित्र फाटलं, बाबा आले नाहीत. रुसलेलं मूल वाट बघत असतं; हिरमुसलेल्याची उमेदच गेलेली असते. वर्गात दोघंही गप्पच दिसतात, म्हणून ‘कुणावर रुसलीस?’ आणि ‘काय झालं?’ हे दोन्ही प्रश्न हाताशी असू द्यावेत. ‘फुरंगटणं’ रुसण्याच्या जवळचं, फक्त त्यात फुगलेले गाल डोळ्यांसमोर येतात. ‘खट्टू होणं’ सौम्य, लवकर विरणारं.

याच प्रश्नाला लागून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘मला राग आलाय’, ‘मला रडू येतंय’, ‘मला भीती वाटते’ या रचनांत भावना मुलाकडे येते. मूल म्हणजे ती भावना नव्हे. ‘तुला राग आलाय का?’ ऐवजी आपण ‘तू रागीटच आहेस’ म्हणतो तेव्हा आलेली गोष्ट त्याच्या स्वभावाला चिकटवून टाकतो. तीन-चार वर्षांची मुलं असली वाक्यं लगेच उचलतात आणि स्वतःबद्दल तशीच बोलू लागतात.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ‘सामाजिक-भावनिक विकास’ हा शब्दप्रयोग प्रशिक्षणांत सतत कानावर येतो. अहवालात तो असू द्या, पण तक्त्यावर मुलांच्या तोंडचेच शब्द हवेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्याच कामातलं. त्या अंगणात ‘गट्टी फू’ करून थोड्या वेळाने पुन्हा गट्टी जमवणारी मुलं भांडण मिटवायला आपली आपणच शिकत असतात.

तेव्हा चित्राखाली ‘रुसली’ लिहा. शेजारी, तिची समजूत काढायला आलेल्या मैत्रिणीचं एक चित्र मुलांकडूनच काढून घ्या.