सोसायटीतले पालक मुलांना फ्लूची लस देत नाहीत, त्यांना कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांचं व्याख्यान ठेवूनही फरक पडला नाही. पडणारच नाही. मी पुण्यात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. लोक नकार देत नाहीत, त्यांच्याकडून राहून जातं.

गोवर-पोलिओच्या लशी कार्डावर छापलेल्या असतात, म्हणून आया वेळेवर येतात. फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्या म्हणते, पण ते घरापर्यंत पोचवणार कोण? त्यात पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पहिला घेऊन गेलेलं पोर दुसऱ्याला फिरकतच नाही.

आमच्या सरांचं म्हणणं, एकदा सांगायचं, मागे लागायचं नाही; लोक म्हणतात धंदा चाललाय. यावरून आमचं कायम वाजायचं. शेवटी मी लस टोचली की फाइलीच्या पहिल्या पानावर लाल पेनने पुढची तारीख लिहायला लागले आणि मे महिन्यात दुपारी गर्दी नसली की फोन. एक वडील फोनवर चिडलेच, "अहो, आम्ही नाही कधी म्हटलं? बोलावलंच नाही कुणी!" दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना घेऊन हजर, आणि सरांसमोरही तेच बोलले. सर गप्प. पुढच्या उन्हाळ्यात मात्र लस जास्त मागवली. मागे लागणं म्हणजे धंदा नव्हे, हे मी आजही सांगते.

2009 साली याच पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या. त्याच स्वाइन फ्लूच्या एच1एन1 विषाणूपासून संरक्षण आजच्या साध्या फ्लूच्या लशीत असतं, आणि लोक तिला 'सर्दीची लस' म्हणतात! राग येतो.

तेव्हा व्याख्यान सोडा. पावसाळ्याआधी एक रविवार ठरवा, डॉक्टरांना सोसायटीतच बोलवा, दुसऱ्या डोसची तारीख त्याच दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकून घ्या. खर्चाचं आधीच सांगा, दोन मुलं असली की हजारांत जातो आणि काहींना तो खरंच झेपत नाही. लस घेऊनही ताप येऊ शकतो, हेही सांगा. ती गंभीर आजारपण टाळायला असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत, तिथे घरातल्या मोठ्यांनी घ्यावी. आधी कुठल्या लशीची जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि फोन करायला कुणीतरी एकजण नेमा. ग्रुपवरचा मेसेज कुणी वाचत नाही.