कोट लावूनही एनमॅपचा युजर एजंट स्क्रिप्टमध्ये तुटतोय, त्याबद्दल

कमांड हाताने टाकली की बरोबर चालते आणि स्क्रिप्टमधून चालवली की एनमॅप (नेटवर्क स्कॅन करायचं टूल) युजर एजंटमधल्याच (वेब रिक्वेस्टबरोबर जाणारी आपली ओळख) एका शब्दाला 'फेल्ड टू रिझॉल्व्ह', म्हणजे या नावाचं मशीन सापडत नाही, म्हणतं, हे तुमचं वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. कोट तुम्ही लावलेतच, तिथे अडत नाहीये. कोट शेलसाठी (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, जसा बॅश) असतात, तो ते काढून टाकतो आणि अख्खं वाक्य एक आर्ग्युमेंट म्हणून स्क्रिप्टच्या हातात देतो, आता स्क्रिप्टमध्ये पुढे उघडं $* (मिळालेले सगळे आर्ग्युमेंट, पण कोटांशिवाय) लिहिलेलं असेल तर बॅश स्पेस दिसेल तिथे परत तुकडे पाडणारच. तिथे "$@" पाहिजे, डबल कोटांसकट. आधी तेवढंच बदलून बघा.

आमच्या एका क्लायंटकडे त्यांच्याच सर्व्हरवरून, त्यांच्याच रॅपर स्क्रिप्टमधून (आपली कमांड घेऊन पुढे एनमॅपला देणारी स्क्रिप्ट) स्कॅन करायची सक्ती होती. वर फायरवॉलवाल्यांची अट, युजर एजंटमध्ये आमच्या फर्मचं नाव आणि पुढे 'ऑडिट टीम' हवं, नाहीतर रिक्वेस्ट ब्लॉक. आणि रॅपरमध्ये हाच उघडा $*. युजर एजंट म्हणून गेला फक्त पहिला शब्द, त्यामुळे एनमॅपच्या एचटीटीपी तपासणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट्स अडल्या. ते एक वेळ चाललं असतं. पण एनमॅप ऑप्शन नसलेला प्रत्येक सुटा शब्द टार्गेट, म्हणजे स्कॅन करायचं मशीन, धरतं. 'टीम' रिझॉल्व्ह झालं नाही, 'ऑडिट' झालं! त्यांच्या अंतर्गत डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता देणारी यंत्रणा) त्या नावाचं खरं मशीन होतं, स्कोपच्या म्हणजे ठरलेल्या यादीच्या बाहेरचं, आणि ते स्कॅन झालं. त्यांच्या सिक्युरिटी डेस्कने थेट कराराचा भंग म्हणून मेल टाकला. रॅपर दाखवा म्हटलं तर "अंतर्गत आहे", तिकीट काढलं तर "टूल अपडेट करा" आणि तिकीट बंद. यात टेस्टिंगची मुदत संपली, बिल अडकलं, आणि स्वतःची स्क्रिप्ट उघडून बघायला त्यांच्यातलं कोणी तयार नव्हतं. अजून संताप येतो.

म्हणून माझं मत पक्कं आहे, दुसऱ्याचा रॅपर वाचायला मिळाल्याशिवाय त्यातून स्कॅन चालवू नये, देत नसतील तर तसं मेलवर लिहून घ्यावं. मी वकील नाही, पण आयटी अ‍ॅक्ट २००० चं कलम ४३ विनापरवानगी अ‍ॅक्सेसबद्दलच आहे, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका. खऱ्या स्कॅनआधी त्याच रॅपरमधून, पोर्टचे ऑप्शन काढून, लिस्ट स्कॅन चालवा. त्यात टार्गेटला पॅकेट जात नाही, नुसती यादी छापली जाते. यादीत अनोळखी नाव दिसलं की तिथेच थांबायचं.

अजून एक, स्क्रिप्ट-आर्ग्स (ज्या ऑप्शनमधून युजर एजंट देतो तो) एनमॅप स्वतः परत पार्स करतं, म्हणजे वाचून तोडतं, आणि स्पेस किंवा स्वल्पविराम असलेल्या व्हॅल्यूला त्याचे वेगळे कोट लागतात. म्हणजे बाहेर सिंगल, आत डबल. विंडोजच्या सीएमडीत सिंगल कोटला काही अर्थ नाही आणि जुनं पॉवरशेल आतले डबल कोट खाऊन टाकतं, त्यामुळे तिकडे सरळ स्क्रिप्ट-आर्ग्स-फाइल (त्याच व्हॅल्यू फाइलमधून देणारा ऑप्शन) वापरा, डोकेफोड वाचते (मी तर लिनक्सवरही तेच करतो).

पोर्ट लिहिताना '२२, ८०' असं स्वल्पविरामानंतर स्पेस देऊन लिहायची सवय असेल तर तीही सोडा. त्यातला ८० टार्गेट होतो आणि एनमॅप ०.०.०.८० ला रूट (जायचा मार्ग) सापडत नाही म्हणून ओरडतं.