लष्करी पुंगळ्या: आधी बूड वाचा

प्रश्न: काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी लष्कराच्या जादा मालातल्या (सरप्लस) ७.६२ × ५१ च्या झाडलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, मिळाल्या आहेत. काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधलं .३०८ चं (याच आकाराच्या नागरी काडतुसाचं) पावडरचं माप जसंच्या तसं चालेल का?

उत्तर: नाही. या पुंगळ्या बहुधा जाड पितळाच्या असतात. बाहेरून आकार तोच, पण आत जागा कमी; त्यामुळे तेवढ्याच पावडरला दाब जास्त चढतो. मॅन्युअलमधल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करा आणि दाब जास्त झाल्याची लक्षणं तपासत जा. वेगवेगळ्या कारखान्यांचा माल मिसळू नका. बुडावरचा शिक्का वाचा: वर्तुळातली अधिकची खूण नाटोची, ‘एलसी’ म्हणजे मिझुरीतला लेक सिटी कारखाना, दोन आकडे सालाचे. आतल्या जागेची शंका असेल तर पुंगळी आधी रिकामी आणि मग पाणी भरून तोला. फरक लगेच कळतो.

प्रश्न: नवा प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) बसत नाही, कडेला चेपतो.

उत्तर: स्वयंचलित शस्त्रात प्रायमर मागे सरकून यंत्रणा अडू नये म्हणून कारखान्यात त्याच्याभोवतीचं पितळ आत दाबलेलं असतं. जुना प्रायमर निघाला तरी ती कड राहते. जोर अजिबात लावू नका, प्रायमर उडू शकतो. कड स्वेजिंग टूलने (पितळ दाबून सारणारं हत्यार) मागे दाबा किंवा रीमरने (पितळ खरवडणारं पातं) काढा. माझा कल स्वेजिंगकडे, कारण रीमर जरा जास्त फिरला की प्रायमरचा खळगा ढिला होतो आणि पुंगळी वाया जाते. एका पुंगळीला हे काम एकदाच करावं लागतं.

जुना प्रायमर काढण्यापूर्वी मात्र आत टॉर्च मारा. मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर पद्धतीची पुंगळी, कामाला घ्या. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. त्यात डायची (पुंगळी ज्यात दाबतात त्या साच्याची) प्रायमर ढकलणारी पिन मोडते. त्या बाजूला काढा.

प्रश्न: पुंगळीच्या मानेवर (गोळी बसते त्या अरुंद तोंडाशी) निळसर-तपकिरी डाग आहेत. पितळ खराब झालंय का?

उत्तर: उलट, मान तापवून मऊ केल्याची ती खूण आहे. नागरी मालावर ती पॉलिशमध्ये जाते. सफाईला अमोनिया मात्र नको, त्याने ताणातल्या पितळाला तडे जातात. ब्रिटिश फौजेची भारतात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं तिथल्या अमोनियामुळे पावसाळ्यात अशीच तडकत.

प्रश्न: मशीनगनमधून झाडलेल्या पुंगळ्या वापराव्यात का?

उत्तर: वापरता येतात, पण मशीनगनचं चेंबर (काडतूस बसतं ती नळीतली जागा) सैल असतं, त्यामुळे पुंगळी फुगते आणि ताणली जाते. पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमधून काढून मूळ आकारात आणा, लांबी मोजून जास्तीची कापा. बुडाच्या किंचित वर चकचकीत वळं दिसलं तर तिथे भिंत पातळ झाली आहे. टोक वाकवलेली बारीक तार आतून भिंतीवर फिरवून पाहा. तार खाचेत अडली, तर पुंगळी पक्कडीने तिथल्या तिथे चेपा, म्हणजे ती चुकून परत ढिगात जाणार नाही.