मशीन कोणते घ्यावे, हे वर्षभराने विचारा

प्रश्न : कुपवाडला माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. मुलगा १९ वर्षांचा असून बारावी कॉमर्सला त्याला ५८ टक्के गुण मिळाले. चित्रकला चांगली आहे, इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. त्याला टॅटू आर्टिस्ट व्हायचे आहे. आमच्या घरात हे काम कोणी केलेले नाही, तरी मी विरोध केला नाही. उलट, मशीन घ्यायचे तर चांगलेच घ्यावे म्हणून दहावीत असलेल्या मुलीच्या नावावरची ८५ हजारांची ठेव मोडली. सहा महिन्यांत ही रक्कम भरून निघाली पाहिजे, नाहीतर दुकानात बसायचे, असे त्याला सांगितले आहे. विक्रेता म्हणतो की कॉइल मशीन आता जुने झाले, रोटरी, म्हणजे मोटरीवर चालणारे मशीन, हे नवे तंत्र आहे, आणि ४.२ मिलिमीटर स्ट्रोकचे वायरलेस मशीन घेतले तर शाई खोल जाऊन टॅटू जास्त टिकतो. हे मशीन घ्यावे का, की आपण दुसरे सुचवाल?

उत्तर : महोदय, आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा मशीनपर्यंत पोहोचण्याआधी ठेवीपाशीच थांबलो. मुलाच्या निवडीला विरोध केला नाही, असे आपण लिहिता आणि ते खरे आहे. मला पत्रे लिहिणाऱ्या अनेक वडिलांना एवढेही जमत नाही. पण आपण दिलेल्या परवानगीला हप्ता जोडलेला आहे, आणि तो हप्ता बहिणीच्या पैशांचा आहे. पुढच्या वर्षी त्या मुलीच्या अकरावीचा, क्लासचा किंवा डिप्लोमाच्या फीचा विषय घरात निघेल, तेव्हा भाऊ मान खाली घालून बसेल आणि बहीण गप्प राहील. ठेव मोडताना तिला विचारले होते का, याचा पत्रात उल्लेख नाही. मुलाचे करिअर उभे करण्यासाठी मुलीचे पैसे सर्वांत आधी हाताशी येतात, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता त्याबद्दल मऊ शब्दांत लिहिणे मला जमत नाही. विक्रेत्याला अजून पैसे दिलेले नसतील, तर ही रक्कम या आठवड्यातच पुन्हा तिच्या नावावर ठेवा.

दुसरी काळजी सहा महिन्यांच्या मुदतीची आहे. या मुदतीचा त्रास एकट्या आपल्या मुलाला होणार नाही, तो ज्यांच्या अंगावर काम करील त्या माणसांनाही होईल. आपल्या भागात पहाटे मैदानावर धावणारी मुले आपण रोज पाहत असाल. त्यांच्यापैकी एखादा भरतीच्या तोंडावर मानेवर किंवा दंडावर वाघ काढून घ्यायला आला, तर त्याला परत पाठवणे हे टॅटू आर्टिस्टचे काम आहे, कारण सैन्यभरतीत कायमस्वरूपी टॅटू कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागील बाजूसच चालतो. रूढीनुसार गोंदवून घेणाऱ्या आदिवासी उमेदवारांना तेवढी वेगळी सवलत आहे. ज्याच्या डोक्यावर ८५ हजार आहेत आणि दिवाळी जवळ येत आहे, तो मुलगा ‘तू हे काढून घेऊ नकोस’ असे म्हणून गिऱ्हाईक परत पाठवील, असे आपल्याला खरोखर वाटते का? दारू पिऊन आलेल्याला, सतरा वर्षांच्या पोराला, साखर वाढलेली असतानाही हट्ट धरणाऱ्याला नकार देता येण्यासाठी आधी खिशात दुसऱ्या कोणाचे देणे नसावे लागते.

आपण स्वतः रिवाइंडिंग शिकलात तेव्हा उस्तादाने किती दिवसांनी गिऱ्हाइकाच्या मोटरीला हात लावू दिला, हे आठवून पाहा. पहिले कित्येक महिने जळालेली तार उपसण्यात आणि वेढे मोजण्यात गेले असतील. आणि आपल्या धंद्यात चूक झाली तर तार कापून पुन्हा नव्याने भरता येते. कातडीवर वाकडी आलेली रेघ सुधारायची म्हणजे तिच्यावर आणखी मोठे आणि आणखी गडद काहीतरी काढावे लागते, किंवा लेझरचा खर्चीक आणि वेदनादायक मार्ग उरतो. शिवाय या कामात सुई आणि रक्त यांचा रोजचा संबंध असल्याने हिपॅटायटिस-बीची लस झालेली असणे आवश्यक आहे. ती लहानपणी झालेली नसेल, तर पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, असा तिचा क्रम असतो. म्हणजे आपण पैसे वसूल करायला जेवढी मुदत दिली आहे, तेवढ्यात त्याचे लसीकरण कसेबसे पूर्ण होईल.

आता विक्रेत्याने सांगितलेल्या ४.२ मिलिमीटरकडे येतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि धोकादायकही आहे. स्ट्रोक म्हणजे सुई एका फेरीत वर-खाली किती अंतर जाते-येते ते माप. ती कातडीत किती खोल जाते, ते नव्हे. खोली ठरते ती सुई टोकातून किती बाहेर ठेवली आहे, हात कोणत्या कोनात आहे, कातडी दुसऱ्या हाताने किती ताणून धरली आहे आणि दाब किती दिला आहे यांवर. शाई वरच्या थरातच राहिली तर तो थर झडताना ती निघून जाते. तिला त्याखालच्या थरात, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या आत पोहोचवावे लागते. त्याहून खोल गेलात तर टॅटू अधिक टिकत नाही. उलट रेघेच्या दोन्ही कडांनी शाई निळसर पसरते, जखम उशिरा भरते आणि व्रण राहतो. लांब स्ट्रोकचा उपयोग मुख्यतः जाड सुया घेऊन ठसठशीत रेघा मारताना होतो, आणि आखूड स्ट्रोक हलक्या छटांसाठी बरा पडतो. आपल्या घरात हे काम कोणी केले नाही, असे आपण लिहिले आहे. पण ते करून घेतलेले मात्र असणार. आपल्या आईच्या किंवा आजीच्या हातावरचे हिरवे गोंदण आठवा. ते करणाऱ्या बाईकडे सुयांची जुडी आणि काजळी होती, स्ट्रोकचे माप नव्हते. तरी ते गोंदण त्या हाताबरोबर म्हातारे झाले. त्या बाईला आपल्या दारात पसाभर धान्यावर वाटेला लावत असत, आणि आज तेच काम ८५ हजारांच्या यंत्राने करायचे म्हटल्यावर ते आपल्याला करिअर वाटते, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

यंत्रांविषयी केवळ ऐकीव माहितीवर लिहू नये म्हणून मी आपले पत्र घेऊन, आपला ठावठिकाणा न सांगता, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेलो. ती ठाण्यात अकरा वर्षे हे काम करते. तिने एक खण उघडून तिची सगळी मशीन टेबलावर मांडली. पहिले कॉइलचे होते, चार हजारांच्या किटमधून आलेले. ते उघडून तिने मला त्याचा संपर्क-स्क्रू दाखवला. ठिणग्यांनी त्याचे टोक काळे पडून खड्डा पडला होता. आपल्याला हे यंत्र समजावून सांगण्याची गरज नाही : दोन कॉइलींत वीज गेली की चुंबक तयार होतो, वरची लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, त्याबरोबर संपर्क तुटतो, स्प्रिंग पट्टीला परत वर नेते आणि पुन्हा तेच. शाळेतल्या विजेच्या घंटेचे तत्त्व हेच. पट्टीच्या टोकाला घंटेच्या टोल्याऐवजी सुई बांधलेली असते, इतकाच फरक. रेघांसाठी संपर्कातली फट ती एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी ठेवत असे, आणि ते नाणे अजूनही त्याच डबीत आहे. स्प्रिंग थकली की फट बदलायची, फट बदलली की रेघ थरथरायची, आणि ती मात्र सहा महिने स्वतःच्या हातालाच दोष देत राहिली. स्वस्त किट घेऊ नका, असे ती सांगते ते याच कारणाने. त्यावर शिकणाऱ्याला चूक हाताची की यंत्राची, हेच कळत नाही.

तिचे पुढचे वाक्य मात्र विक्रेत्यांना आवडणार नाही. त्यानंतर तिने वायरचे एक साधे रोटरी मशीन घेतले, ३.५ मिलिमीटर स्ट्रोकचे. त्यावर तिने चार वर्षे रेघा, छटा, रंगभरण सगळे केले, आणि तिच्या कामात जो खरा बदल झाला तो याच चार वर्षांत झाला. पेनसारखे वायरलेस मशीन तिने त्यानंतर घेतले, तेही मनगट दुखू लागले म्हणून. मशीनचे वजन आणि कंप दिवसाचे सहा तास हातात धरणे सोपे नसते. वायरलेसची बॅटरी एकदा मांडीवरच्या मोठ्या कामाच्या मध्यावर संपली होती, तेव्हापासून दुसरी बॅटरी चार्ज करून ठेवल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत नाही. आणि जुने कॉइलचे एक बरे मशीन तिने जाड रेघांसाठी आजही ठेवले आहे. सुई कातडीवर टेकताच त्याचा आवाज उतरतो, आणि त्या आवाजावरून आपण किती दाबतो आहोत हे तिला कळते. मी विचारले, आज नव्या मुलाने काय घ्यावे? तिने मशीनचे नाव सांगितलेच नाही. तिने कार्ट्रिजचा, म्हणजे मशीनला पुढे बसवायच्या सुईच्या तयार नळ्यांचा, खोका पुढे केला आणि त्यातली पातळ पडदी दाखवली, जी शाई व रक्त मागे मशीनमध्ये जाऊ देत नाही. ही पडदी नसलेली स्वस्त कार्ट्रिज वापरणाऱ्याकडे लाखाचे मशीन असले, तरी त्याच्या खुर्चीत आपण बसणार नाही, असे ती म्हणाली.

कॉइल जुने आणि रोटरी नवे, हा विक्रेत्याचा दावा तर इतिहासालाही धरून नाही. सॅम्युअल ओ’रायली याने १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये ज्या विजेच्या टॅटू मशीनचे पेटंट घेतले, ते एडिसनच्या १८७६ च्या विजेच्या पेनवरून घडवलेले होते, आणि ते पेन फिरत्या मोटरीवरच चालत असे. एडिसनने ते कागदावर बारीक छिद्रे पाडून मजकुराच्या प्रती काढण्यासाठी केले होते. मोटर लहान, हलकी आणि शांत झाली म्हणून रोटरी पुन्हा पुढे आले, यापलीकडे त्यात नवे फारसे काही नाही. मोटरींच्या माणसाला कोणीतरी मोटर नवी म्हणून विकावी, याची मला थोडी गंमतही वाटली.

शिक्षणाविषयी थोडक्यात. टॅटूसाठी कोणत्याही पदवीची अट नाही. पण मुलाला चित्रकलेतच राहायचे असेल तर बीएफए या ललित कलेच्या पदवीसाठीची एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा त्याने जरूर द्यावी. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या टॅटू कोर्सवर मात्र एक रुपयाही घालू नये. त्यापेक्षा सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यातल्या एखाद्या चांगल्या स्टुडिओत वर्षभर उमेदवारी मिळते का पाहावे. तिथे सुरुवातीला त्याला झाडायला, स्टेन्सिल काढायला, खुर्चीला आवरण चढवायला, वापरलेल्या सुया, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकायला आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने साहित्य निर्जंतुक करणारे यंत्र, लावायला सांगतील. हा अपमान नाही, शिक्षण आहे. १२१ अंशांवर किती मिनिटे आणि कशासाठी, हे ज्याला माहीत नाही त्याने सुई हातात धरू नये. स्टुडिओ निवडताना तिथली मशीन पाहू नका. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवी सुई फोडतात का आणि मधेच फोन घेतल्यावर हातमोजे बदलतात का, ते पाहा.

या वर्षभरात घरचा खर्च कागद, पेन्सिली, शाईचे पेन आणि सरावाची कृत्रिम कातडी एवढाच असावा. सरावापुरते यंत्र लागेल तेव्हा वायरचे, हमी असलेले, ३.५ मिलिमीटर स्ट्रोकचे साधे रोटरी आणि स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय घ्यावा, तेही आपल्या दुकानाच्या कमाईतून, आणि तोपर्यंत त्याने अर्धा दिवस दुकानात काम करून त्यातला काही वाटा स्वतः उचलावा. दुकानात बसणे ही त्याची शिक्षा आहे, असे आपणच आपल्या पत्रात सुचवले आहे. निदान ते तरी मागे घ्या. बारीक तार न तोडता, एकसारख्या ताणाने गुंडाळायला शिकलेला हात त्याच्या कामी येईल. मनात आले तर बापलेकांनी मिळून एखादे जुने कॉइल मशीन उघडून त्याचे वेढे नव्याने भरून पाहावेत. त्याच्याएवढ्या मुलांमध्ये आपल्या यंत्राची नाडी ओळखणारे फार थोडे असतात.

शेवटी एक गोष्ट विचारायची राहिली. आपल्या पत्रात मुलाच्या तोंडचे एकही वाक्य नाही. त्याला कोणत्या प्रकारचे काम करायचे आहे, बारीक रेघांचे, व्यक्तिचित्रांचे की अक्षरांचे, आणि मुळात हे वायरलेस मशीन त्याने मागितले होते की ते आपणच ठरवले, हे मला कळलेले नाही. त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात मला लिहावे आणि सोबत गेल्या तीन महिन्यांत काढलेल्या वीस चित्रांचे फोटो पाठवावेत, नीट जमलेल्यांचे आणि फसलेल्यांचेही. तेवढी चित्रे झालेली नसतील, तर ती झाल्यावर लिहिले तरी चालेल.