सीरियम आणि युरेनियमच्या संयुगांतील एफ-इलेक्ट्रॉन: फोटोएमिशनचे स्पेक्ट्रम कसे वाचावेत

आपला प्रश्न असा आहे: सीरियमच्या संयुगाच्या फोटोएमिशनमध्ये (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा मोजण्याच्या पद्धतीत) ४एफ कक्षेची दोन शिखरे दिसतात, एक फर्मी पातळीला (धातूत इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या मर्यादेला) लागून आणि दुसरे तिच्या सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली, मग हा इलेक्ट्रॉन अणूपाशी बांधलेला मानायचा की फिरता, आणि युरेनियमला हाच निकष चालेल का?

दोन शिखरे म्हणजे दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन, हा समज आधी बाजूला ठेवावा. सीरियमपाशी ४एफचा जेमतेम एक इलेक्ट्रॉन असतो. तो उडवल्यावर जागा रिकामीच राहिली, तर खालचे शिखर मिळते. वाहक पट्ट्यातला एखादा इलेक्ट्रॉन त्या जागी उतरला, तर ऊर्जेचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो आणि शिखर फर्मी पातळीपाशी दिसते. त्याच्या खाली सुमारे ०.२८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जो लहान उंचवटा असतो, तो स्पिन-ऑर्बिट जोडणीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्या जोडणीचा. गुनारसन आणि शोनहामर यांनी १९८०च्या दशकात अँडरसनच्या प्रतिमानावरून (वाहक इलेक्ट्रॉनांशी जोडलेल्या एका एफ-अणूच्या प्रतिमानावरून) हे गणित मांडले. म्हणजे स्पेक्ट्रम सांगतो तो इलेक्ट्रॉन गेल्यानंतरच्या अवस्थांविषयी, आणि मूळ अवस्थेबद्दलचा निष्कर्ष दोन्ही शिखरांच्या परस्पर वजनावरून काढावा लागतो. शिवाय फर्मी पातळीजवळच्या शिखराचा, म्हणजे कोंडो शिखराचा, माथा फर्मी पातळीच्या किंचित वर असतो, त्यामुळे फोटोएमिशनच्या हाती त्याची खालची उतरणच लागते. खोलीच्या तापमानाला फर्मी कडाच सुमारे ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद असते. २० केल्विनला ती ७ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. थंड नमुन्याचा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

खरी मेख मात्र पृष्ठभागात आहे. ४एफचा वाटा वेगळा काढण्यासाठी फोटॉनची ऊर्जा ४डी-४एफ अनुनादावर (४डीचा इलेक्ट्रॉन ४एफमध्ये चढेल आणि ४एफचा संकेत वाढेल अशा ऊर्जेवर), म्हणजे १२० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ठेवतात आणि अनुनादाबाहेरचा स्पेक्ट्रम त्यातून वजा करतात. या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरच्या काही अँगस्ट्रॉमांतूनच बाहेर पडतात. वरच्या थरातल्या सीरियमला शेजारी कमी, म्हणून संकरण (४एफचे वाहक इलेक्ट्रॉनांशी मिसळणे) कमी, म्हणून खालचे शिखर फुगलेले. सेकियामा आणि सहकाऱ्यांनी २००० साली जपानमधील स्प्रिंग-८ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या प्रवेगकावर) सुमारे ८८० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ३डी-४एफ अनुनादावर, जिथे इलेक्ट्रॉन अधिक खोलून येतात, सीरियम-रुथेनियमची संयुगे तपासली, तेव्हा आतल्या थरांचे चित्र स्पष्टपणे वेगळे निघाले. त्याआधी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या गटाने असा आक्षेप घेतला होता की फर्मी पातळीजवळचे शिखर कोंडो प्रतिमानाप्रमाणे तापमानानुसार बदलत नाही. त्या वादातला मोठा वाटा पृष्ठभागाचाच असावा, असे माझे मत आहे, सगळा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही सीरियमच्या सिलिसाइडांवर असे फोटोएमिशनचे काम झाले आहे.

युरेनियमला हा निकष जसाच्या तसा लावू नये. ५एफ कक्षा अधिक पसरट असतात, त्यांत दोन ते तीन इलेक्ट्रॉन असतात, आणि संकरण व इलेक्ट्रॉनांमधील परस्परक्रिया यांच्या ऊर्जा एकमेकींच्या जवळ येतात. त्यामुळे सीरियमसारखी स्वच्छ फोड होत नाही आणि बहुधा फर्मी पातळीला टेकलेले एकच तिरके शिखर दिसते. अपवाद पाहायचा तर युरेनियम आणि पॅलेडियमचे एकास तीन प्रमाणातले संयुग घ्यावे: तिथे ५एफचे दोन इलेक्ट्रॉन बांधलेले आहेत, त्यांचे शिखर फर्मी पातळीपासून खाली सरकलेले आहे आणि पातळीवर ५एफ जवळपास नाहीच. पॅलेडियमच्या जागी त्याच्याच गटातले प्लॅटिनम घातले, की मिळते ते जड-फर्मिऑन संयुग (ज्यात इलेक्ट्रॉन खूप जड असल्यासारखे वागतात), जे सुमारे ०.५ केल्विनखाली अतिवाहक होते, आणि त्याचे ५एफ शिखर फर्मी पातळीला भिडलेले असते.

सिंक्रोट्रॉन हाताशी नसेल, तर हेलियम दिव्याच्या २१.२ आणि ४०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या रेषांवर घेतलेले स्पेक्ट्रम शेजारी ठेवावेत. दुसऱ्या रेषेवर जे ठळक होते, त्यात ५एफचा वाटा मोठा असतो. युरेनियम फार लवकर गंजते, म्हणून त्याची ४एफ गाभा-पातळीही (युरेनियममध्ये ४एफ हे आतले, भरलेले कवच असते) पाहावी: धातूत ती ३७७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, डायऑक्साइडात ३८०च्या. तुमच्या स्पेक्ट्रमसाठी कोणती फोटॉन ऊर्जा वापरली होती आणि नमुना निर्वातात तोडला होता की घासला होता, हे कळवलेत, तर त्या दोन शिखरांच्या वजनाबद्दल नेमके काही सांगता येईल.