मूस, साचा आणि वांग्याच्या आकाराचं भांडं

बडोद्याच्या एका वाचकानं विचारलं आहे: 'एकाच मुशीतले' म्हणतो, त्यातली मूस म्हणजे साचाच ना?

नाही. मूस (स्त्रीलिंगी, मुशीत, मुशीतून) संस्कृत 'मूषा'वरून आली. ती धातू वितळवायचं भांडं. सोनार मुशीत सोन्याचे तुकडे आणि चिमूटभर टाकणखार घालून ती शेगडीत ठेवतो, रस झाला की पन्हळीत ओततो. आकार येतो तो पन्हळीत. म्हणून दिसायला सारखे ते एकाच साच्यातले. ज्यांचा कसच सारखा, ते एकाच मुशीतले. हा भेद जपायलाच हवा.

जुन्या रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांवरच्या प्रक्रियांच्या शास्त्रात, कामागणिक वेगळी मूस असे. तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'रसरत्नसमुच्चया'त 'वृंताकमूषा' येते. वृंताक म्हणजे वांगं. वांग्यासारखं पोट, त्याला बारा अंगुळं लांब नळी, नळीचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट. खर्परातून, म्हणजे जस्ताच्या खनिजातून, 'सत्त्व', म्हणजे शुद्ध धातू, काढायला ती वापरायची.

साधी मूस का चालत नाही? भाजलेल्या खनिजातून कोळशाच्या मदतीनं जस्त सुटायला सुमारे हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि जस्त उकळतं 907 अंशांना. म्हणजे ते जन्मतःच वाफ असतं. उघड्या मुशीतून ही वाफ उडते, हवा लागताच पांढरी भुकटी होते आणि हाती काहीच राहत नाही.

या वर्णनाशी जुळणारी भांडी उदयपूरजवळच्या जावरला सापडली. 1980च्या दशकात तिथल्या संशोधनात ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंकबरोबर आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले के. टी. एम. हेगडे होते. भट्टी दोन कप्प्यांची, मध्ये भोकांची चकती. एका भट्टीत 36 मुशी, पोट वर आणि नळी खाली. मूस उलटी करताना आतल्या खनिजाच्या गोळ्या घसरू नयेत म्हणून नळीत काटकी खोचत. ती जळून गेली की वाफेला वाट मोकळी. वरच्या कप्प्यात आग, खालच्या थंड कप्प्यात वाफेचे थेंब. नळी फार तापली तर वाफ निवत नाही. 419 अंशांखाली गेली तर जस्त नळीतच गोठून वाट बुजते. खरं कसब या दोन टोकांमधला मेळ राखण्यात होतं. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते 1738 साली, आणि त्याच्याही पद्धतीत वाफ खालीच उतरवली जाई.

रिटॉर्टला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला, आपण 'बकपात्र' म्हणतो ते बगळ्यासारख्या वाकड्या मानेमुळे. जावरच्या भांड्याला तो शब्द लावू नये, त्याची मान सरळ आहे. 'वृंताकमूषा' जड वाटत असेल तर 'वांगेमूस' म्हणा. वापरून झालेल्या अशा मुशी रचून जावरला घरांच्या भिंतीही उभारल्या गेल्या.