एखाद्या प्रदेशातली मुलांची संख्या घटली म्हणजे जननदर (दर बाईमागे सरासरी किती मुलं होतात तो आकडा) नुकताच घटला, असं समजावं का?

नाही, जननदरातली घट बहुतेक वेळा फार आधी सुरू झालेली असते. मुलांची संख्या दर बाईमागे किती मुलं होतात यावर ठरते, तशीच आई होण्याच्या वयाच्या बायका किती आहेत यावरही. जपान बघा. 1947 ते 49 मध्ये तिथे जन्मांची मोठी लाट आली. त्या मुली आई झाल्या तेव्हा, 1971 ते 74 मध्ये, दुसरी लाट आली. 1974 च्या सुमारास जननदर 2.1 च्या, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागणाऱ्या पातळीच्या, खाली गेला, तरी 15 वर्षांखालच्या मुलांची संख्या सलग घसरू लागली ती 1982 पासून. तिसरी लाट आलीच नाही, आणि मला सगळ्यात काळजीचं वाटतं ते हेच, कारण आज जन्म न झालेल्या मुली उद्याच्या आयाही नसतात. 1954 मधली सुमारे 3 कोटी मुलं 2024 मध्ये 1.4 कोटींवर आली.

लहान प्रदेशात स्थलांतरही धरा. तरुण जोडपी गेली की गावातली शाळा आधी ओस पडते. आणि कृपा करून संख्या व टक्केवारी वेगवेगळी तपासा. वृद्ध वाढले तरी मुलांचा टक्का घसरतो.